तळं रांगेत उभं राहिलं

गुरुवारी सकाळी सोनवडचं तळं नगरपालिकेच्या तक्रार खिडकीसमोर रांगेत उभं राहिलं. त्याच्या पुढे रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार घेऊन आलेले एक निवृत्त गुरुजी होते आणि मागे कडेवर मूल घेतलेली एक बाई. मुलाने तळ्याच्या पाठीत हात घातला, आतला एक मासा धरून पाहिला आणि सोडून दिला. रांग पुढे सरकली तसं तळंही एक पाऊल पुढे सरकलं.

ही बातमी इंदुमती कासारला हसन मुजावरांनी सांगितली. मुजावर म्हणजे ‘सोनवड समाचार’ या साप्ताहिकाचे मालक आणि संपादक, आणि अंक घरोघरी टाकणारेही तेच. इंदू पेठेत बांगड्यांचं दुकान चालवायची आणि त्यांच्या साप्ताहिकात दर आठवड्याला एक व्यंगचित्र काढायची. ती दुकानाच्या फळ्या काढत होती तेव्हा मुजावर सायकल हाताने लोटत, धापा टाकत आले. सायकलवर बसावं हे त्यांना सुचलंच नव्हतं.

“इंदू, आजच्या अंकातलं तुझं चित्र बघितलंस?”

“मीच काढलंय, चाचा. काय झालं? परत उलटं छापलं?”

“उलटं नाही. चौकट आहे, खाली तुझी सही आहे. मधे सगळं कोरं.”

त्यांनी अंक तिच्यापुढे धरला. तिने चौकटीवरून बोट फिरवलं. कागद थोडा ओलसर होता.

“मग चित्र गेलं कुठं?”

“नगरपालिकेत,” मुजावर म्हणाले. “रांगेत दुसरं आहे.”

इंदूने काढलेल्या फळ्या पुन्हा लावल्या आणि निघाली. चालता चालता तिला एवढंच वाटत होतं की चित्र जरा सावकाश काढायला हवं होतं. तळ्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला होता आणि तो दुरुस्त करायचा तिने कंटाळा केला होता.

तळं तिने काढलं होतं तसंच होतं. गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, पण लुगडं की धोतर ते कळत नव्हतं. डोक्यावर जलपर्णीच्या वाढलेल्या झिपऱ्या. गळ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांची माळ. चारी बाजूंनी काळ्या शाईची जाडसर रेघ होती आणि त्या रेघेच्या आत सगळं पाणी नीट उभं होतं. फरशीवर एक थेंब सांडला नव्हता.

खिडकीत मिरजकरबाई बसल्या होत्या.

“नाव?”

“तळं.”

“बाई का पुरुष?”

“तळं.”

“राहणार?”

“एसटी स्टँडच्या मागं. तुम्ही डबा धुता तिथं.”

मिरजकरबाईंनी पेन खाली ठेवलं. “एकदाच धुतला मी. आणि झाकण पडलं ते मुद्दाम नाही पाडलं.”

“त्याची तक्रार नाही माझी,” तळं म्हणालं. त्याचा आवाज घागर भरताना येतो तसा होता. “माझ्यात जे जे टाकलंय ते ज्याचं त्याला परत द्यायचंय. तेवढं झालं की जाईन.”

“त्याला वेगळा विभाग लागतो.”

“कुठं आहे?”

मिरजकरबाईंनी छताकडे बघत विचार केला. “अजून निघालेला नाही.”

तेवढ्यात नगराध्यक्ष दिगंबर पिसे जिना उतरून आले. पिसे माणूस वाईट नव्हता. त्यांना कुणाला नाही म्हणणं जमायचं नाही, म्हणून ते सगळ्यांना उद्या म्हणायचे. इंदूने त्यांना व्यंगचित्रात कितीदा तरी काढलं होतं. कधी खड्ड्याचं उद्घाटन करताना, कधी गटाराच्या कडेला नाकावर गुलाब धरून. ते प्रत्येक वेळी दुकानात येऊन म्हणायचे, “ताई, मस्त जमलंय! फक्त पोट जरा जास्त झालं.” आणि खड्डा आहे तिथेच राहायचा. इंदूला खरी बोच तीच होती. सोनवडची माणसं तिच्या चित्रांवर पोटभर हसायची, आणि हसून झालं की तोच अंक भज्यांच्या गाडीवर द्यायची.

पिसेंनी तळ्याला वाकून नमस्कार केला. “आपण स्वतः कशाला त्रास घेतलात? उद्या या. नक्की बघतो.”

“इथंच थांबतं मी,” तळं म्हणालं आणि बाकावर बसलं. बाकावरची माणसं सरकली. पाय सोडून बसलेल्यांचे पाय आपोआप पाण्यात गेले. ऊन कडक होतं. कुणी उठायला तयार होईना. बंद दिव्यावाल्या गुरुजींनी तर आपली तक्रार मागे घेतली आणि पायजमा वर सरकवून पुन्हा येऊन बसले.

ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा शिपाई किल्ल्या वाजवू लागला. इंदू पुढे झाली.

“माझ्याकडं चला,” ती म्हणाली. तिच्या तोंडून आपोआप अहोजाहो निघालं.

“अगं, तूच तर काढलंस मला,” तळं म्हणालं. “चल म्हण की.”

घरी इंदू आणि तिची गोदाआत्या अशा दोघीच राहत. घर दोन खोल्यांचं. तळ्याने दारात अंग चोरलं, रेघ बारीक केली आणि आत येऊन माजघर भरून टाकलं. पलंगाचे पाय बुडाले, गादी कोरडी राहिली. आत्या चुलीपुढून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“कोण गं हे?”

“आपलं तळं, आत्या.”

“आई गं! लेकराचा काय अवतार झालाय!”

“मी तुझ्या खापरपणज्यापेक्षा थोरलं आहे,” तळं म्हणालं.

“असशील. जेवलंस का?”

तळ्याने मान हलवली. त्याला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. आत्याने पीठ मळलं, गोळ्या केल्या आणि एकेक करून त्याला भरवल्या. मासे वर येऊन त्या खाऊ लागले तेव्हा तळ्याला गुदगुल्या झाल्या आणि घरातली सगळी भांडी हिंदकळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लाकडी फणी घेऊन बसली. तळ्याला पुढ्यात बसवलं आणि त्याच्या झिपऱ्या विंचरायला घेतल्या. फणीच्या पहिल्या फटक्याला जलपर्णी निघाली, दुसऱ्याला साडीच्या दुकानाची पिशवी. मग औषधाच्या बाटल्या, थर्माकोलचं मखर, स्कूटरचा मडगार्ड, सलूनवाल्या सूर्यकांतचं केसांचं पोतं आणि मिरजकरबाईंच्या डब्याचं झाकण. प्रत्येक वस्तू बाहेर येताना आपल्या मालकाचं नाव मोठ्याने सांगायची. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता, कारण मडगार्ड काही केल्या गप्प बसत नव्हता.

“अनंत शेटे! गांधी चौक! अनंत शेटे!”

इंदूने दारात उभं राहून हाका मारायला सुरुवात केली. लोक आले. पहिल्यांदा खाली मान घालून आले, वस्तू काखेत मारून लगबगीने गेले. पण केसांचं पोतं सूर्यकांतच्या मागे मागे “मी इथंय, मी इथंय” करत चाललं तेव्हा पेठेत हशा पिकला, आणि सूर्यकांतही हसला. त्यानंतर लोक स्वतःहून येऊ लागले. “आमचं काही निघालं का हो?” असं विचारत दारात गर्दी झाली. ज्याचं काही निघत नव्हतं त्याला चुकल्यासारखं वाटायचं. दुपारी पिसेंचा वाढदिवसाचा फ्लेक्स निघाला. तो उलगडून उलगडून गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि सगळा वेळ “भावी आमदार” म्हणत राहिला. पिसेंनी स्वतः येऊन त्याची गुंडाळी केली.

“ताई, यात मात्र पोट बरोबर आलंय,” ते म्हणाले.

तळं हलकं होत चाललं. त्याच्या तळाशी ऊन पोचू लागलं. ते आत्याबरोबर गुणगुणायचं, तेव्हा माजघराच्या आढ्यावर उजेडाच्या जाळ्या हलायच्या.

पण तळं जिथून उठून आलं होतं, तिथे पांढरं झालं होतं.

इंदू ते बघायला गेली. स्टँडच्या मागे, तळ्याच्या आकाराचा कोरा कागद पसरला होता. काठावर उभं राहिलं की नव्या वहीचा वास यायचा. पाण्याच्या सवयीने आलेली शेट्यांची म्हैस कागदावर चालत गेली होती आणि तिची आता नुसती रेघ उरली होती. रेघेची म्हैस मजेत रवंथ करत होती. तिचं दूधही ठिपक्याठिपक्यांचं निघायचं. त्याचा चहा केला की कपात छापल्यासारखा दिसायचा. चवीत फरक नव्हता.

कागद वाढत होता. आधी बांध गेला, मग स्टँडवरचा फलाट, मग रसवंतीची चाकं. पांढरं पेठेत शिरलं तेव्हा इंदूच्या दुकानातल्या बांगड्यांचे रंग गेले. काउंटरवर नुसती वर्तुळं राहिली. तिने मूठभर उचलून हलवली तर आवाज आला नाही. संध्याकाळी तिने पाहिलं, तिच्या डाव्या हाताची करंगळीही रेघेची झाली होती. दुखत नव्हती. तिच्या आरपार दुकान दिसत होतं.

“तू परत जा,” घरी येऊन ती तळ्याला म्हणाली. “तुझी जागा गावाला खायला उठलीय.”

“जाईन की. पण कागदावर कसं बसू? भिजून फाटेल तो. तुमच्यासकट.”

“मग काय करू?”

“माझ्याखाली काय होतं ते काढ. जमीन काढ. मग उतरतं मी.”

सकाळी इंदू शाईची बाटली आणि ब्रश घेऊन कागदाच्या काठाशी गेली आणि बराच वेळ बसून राहिली. तिला तळाचं काहीच माहीत नव्हतं. तिच्या जन्मापासून तळं हिरवं होतं आणि त्याला वास येत होता. तिने त्याच्यावर इतकी व्यंगचित्रं काढली होती, पण आत काय आहे ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने अंदाजाने एक दगड काढला. दगड रेघेचाच राहिला आणि वाऱ्याने उडाला.

त्याच दिवशी पिसे एक मोठी गुंडाळी घेऊन तिथे आले. मागून टेप धरून दोघं जण. आयती मोकळी जागा झाली होती आणि त्यांनी तिच्यावर व्यापारी संकुलाचा नकाशा करून आणला होता. टेप कागदावर टेकला तसे त्याच्यावरचे आकडे पुसले गेले.

“ताई, तुम्ही काढता ते उभं राहतं म्हणतात,” पिसे म्हणाले. “एवढं संकुल काढून द्या. तुमचं दुकान दर्शनी बाजूला.”

“आणि तळं?”

“तळ्याची सोय लागलीय की तुमच्याकडं. मजेत आहे. आत्या काय छान करतात त्याचं!”

इंदू काही बोलली नाही. पिसेंना कुणाचं मौन म्हणजे होकारच वाटायचा. त्यांनी स्वतःच नकाशा कागदावर अंथरला. संकुल उभं राहिलं. चार मजले, काचा, वर झेंडा. पिसेंनी टाळ्या वाजवल्या. मग वारा आला आणि संकुल घडीवर घडी होत लिफाफ्याएवढं झालं आणि स्टँडच्या दिशेने सरपटत गेलं. ते कुणी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं.

पिसे त्याच्यामागे दोन पावलं धावले आणि थांबले. त्यांचे बूट रेघेचे झाले होते. ते तिथेच मांडी घालून इंदूशेजारी बसले.

“मी पोहायला इथंच शिकलो,” ते म्हणाले. “वडिलांनी पाठीला डबा बांधला होता. या कोपऱ्यात पायऱ्या होत्या. तिसरी हलायची.”

इंदूने ब्रश त्यांच्या हातात दिला.

“मला चित्रकला येत नाही हो.”

“हलणारी पायरी तेवढी काढा.”

पिसेंनी जीभ बाहेर काढून एक वेडीवाकडी पायरी काढली. ती दगडाची झाली. त्यांनी पाय ठेवला. पायरी हलली. पिसे ओरडले, “हलते! अहो, हलते!” आणि तिच्यावर चढून लहान पोरासारखे डुलायला लागले.

इंदू उठली आणि धावत सुटली. मुजावरांच्या छापखान्यात होती तेवढी शाई तिने बाहेर काढली. मुजावरांनी अंक छापायचं थांबवून गावभर सायकल फिरवली. या वेळी बसून. “तळं पाहिलंय कुणी? खालपासून पाहिलेलं? चला, या!” कुणी चुना आणला, कुणी कोळसा, कुणी गेरू. गोदाआत्या आली ती पान खायचा डबा उघडूनच, आणि तिने काताने झऱ्याची जागा काढली. मिरजकरबाईंनी खेकड्यांची बिळं काढली. सूर्यकांतने आजोबांकडून ऐकलेली विहीर काढली, पण ती त्याने स्वतः पाहिलेली नव्हती म्हणून धरेना. तेव्हा गुरुजी पुढे आले, म्हणाले, “मी पाहिलीय, सर बाजूला.” मग दोघांनी मिळून ब्रश धरला. विहिरीचा कठडा कुठल्या बाजूला फुटला होता यावरून कडाक्याचं भांडण झालं. शेवटी दोन्हीकडून फुटका काढला आणि दोघांचं समाधान झालं.

जमीन वर येऊ लागली. काळी, चिकट, वासाची. लोक चिखलात बुडून चित्रं काढत होते आणि एकमेकांची चित्रं बघून हसत होते. इंदू मधे उभी होती. आजवर तिने हे हसणं दुकानात बसून ऐकलं होतं. आज ते तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तिच्या पायाखाली कुणीतरी बेडूक काढला, त्याने टुणकन उडी मारली.

मग मुजावर म्हणाले, “आता नाले. काढायचे का?”

चारी बाजूंनी घाणीचे नाले तळ्यात यायचे, ते सगळ्यांनीच पाहिलेले होते. न काढावेत तर घाण घराघरांत तुंबणार. काढावेत तर तळ्याचं पुन्हा तेच होणार. कोळसे हातात थांबले. पांढरं गावात अजून एक गल्ली पुढे सरकल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं.

“टाकी लागते,” पिसे म्हणाले. “शुद्धीकरणाची. नाल्याच्या तोंडाशी.”

“कुणी पाहिलीय का?” इंदूने विचारलं.

पिसे लाजले. “अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो ना मी? तुम्ही माझं चित्र काढलं होतं, हॉटेलात अभ्यास करताना. ते खरंच होतं. पण एक सकाळ त्यांनी टाकी दाखवली होती. मी बघितली होती. नीट बघितली होती, ताई.”

ते पांढऱ्या विजारीच्या गुडघ्यांवर खाली बसले. पहिली टाकी तिरकी आली. दुसरी वांग्यासारखी. पाइप कुठून कुठे जातो ते आठवेना तेव्हा डोळे मिटून हातवारे करत त्यांनी तो दौरा पुन्हा चालून पाहिला, आणि सगळं गाव त्यांच्या हातांकडे बघत राहिलं. शेवटचा पाइप जोडला तसा वांग्यासारख्या टाकीने ढेकर दिला. नाल्याचं काळं पाणी एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ निघालं. मिरजकरबाईंनी ओंजळीत घेऊन वास घेतला.

“वास नाही,” त्यांनी जाहीर केलं.

लोकांनी पिसेंना उचललं. ते पहिल्यांदाच असं काही करून बसले होते की उद्या म्हणायला जागा उरली नव्हती. वर हवेत ते घाबरून हसत होते.

इंदू तळ्याला आणायला घरी गेली. वाटेत पेठेतलं पांढरं ओसरलेलं दिसलं आणि तिची करंगळीही पुन्हा हाडामांसाची झाली होती. ते माजघरात तयार होऊन बसलं होतं. झिपऱ्या विंचरलेल्या, गळ्यातली माळ गेलेली, अंगातून भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ दिसत होतं. निघताना त्याने चुलीला हात लावून नमस्कार केला. पेठेतून ते चाललं तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं मागे चालू लागली.

तळं बांधावर थांबलं. खाली पायऱ्या होत्या, झरा होता, दोन्हीकडून फुटकी विहीर होती, वाकड्या टाक्या होत्या. त्याचा मोठा डोळा सगळीकडे फिरला. ते पहिल्या पायरीवर उतरलं, मग दुसरीवर. मग वळलं.

“थांबा जरा,” ते म्हणालं. “इंदे, इतकी वर्षं तू माझी चित्रं काढलीस.”

“होय.”

“लोक हसले.”

“हसले.”

“आता ब्रश मला दे.”

बांधावर एक लांबट पट्टा अजून पांढरा राहिला होता. इंदूने ब्रश पाण्यात धरला. तळ्याने तो घेतला, टोक जिभेवर ओलं केलं आणि पट्ट्यासमोर बसलं. मग मान वर करून त्याने समोर जमलेल्या सगळ्या सोनवडकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश.

गर्दीत हालचाल झाली. मिरजकरबाईंनी पदर सारखा केला. सूर्यकांतने केसांवरून हात फिरवला. मुजावरांनी सायकल स्टँडवर लावली आणि तिच्याशेजारी ताठ उभे राहिले. पिसेंनी पोट आत घेतलं. उंच माणसं मागे गेली, बुटकी पुढे बसली, गोदाआत्याला मधे खुर्ची दिली. इंदू तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आपले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

“हलू नका,” तळं म्हणालं आणि त्याने एक डोळा मिटला.